फॉरमॅट मारण्याआधी: ग्राफिक्स कार्डमुळे बंद पडणाऱ्या मशीनचा तपास

गेम रंगात आलेला असतो, किंवा रात्री लावलेलं रेंडरिंग संपत आलेलं असतं, आणि मशीन जातं. दुकानात नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारला जातो, दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरं वाक्य येतं: "कार्ड गेलंय, नवीन घ्या." या दोन वाक्यांच्या मधे अर्ध्या दिवसाचा तपास असतो आणि तो घरी बसून, जवळजवळ फुकटात करता येतो. कार्डाची चिप खरोखर मेली असणं ही शेवटची शक्यता. तिच्याआधी वीज, वायर, उष्णता, ड्रायव्हर आणि रॅम यांची चौकशी व्हायला हवी. यातल्या प्रत्येकाची लक्षणं लांबून सारखी दिसतात, पण मशीन नेमकं कसं गेलं हे नीट पाहिलं तर कोणाकडे आधी बघायचं ते बरंचसं कळतं.

पुढचं सगळं डेस्कटॉप आणि विंडोज १० किंवा ११ धरून लिहिलं आहे. उदाहरणाला एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० घेतलं आहे. हे १७० वॅटचं कार्ड बऱ्याच घरांत आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या बऱ्याच स्टुडिओंत आहे. एएमडीचं कार्ड असेल तरी तपासाचा रस्ता तोच, फक्त फाइलींची नावं वेगळी.

मशीन कसं गेलं?

स्क्रीन एक-दोन सेकंद काळी झाली, परत आली आणि गेम तेवढा बंद पडला, तर तो टीडीआर, म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे: कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत हललं नाही तर विंडोज कार्ड अडकलं असं समजते आणि ड्रायव्हरला उठवून पुन्हा बसवते. एका मिनिटात हे पाचापेक्षा जास्त वेळा झालं, किंवा ड्रायव्हर पुन्हा उभाच राहिला नाही, की निळी स्क्रीन येते. तिच्यावर "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" लिहिलेलं असतं, क्रमांक ११६. टीडीआर म्हणजे ताप आल्यासारखं आहे, आजाराचं नाव नव्हे. कारण ड्रायव्हर असेल, वाढवलेला क्लॉक (चिपचा वेग) असेल, कमी पडणारी वीज असेल, नाहीतर रॅम.

डिस्प्ले गेला तो गेलाच, मॉनिटर "नो सिग्नल" म्हणतोय, कार्डाचे पंखे अचानक पूर्ण वेगाने घोंघावू लागले आणि मागे गाण्याचा किंवा मित्रांच्या बोलण्याचा आवाज मात्र चालूच आहे, हा प्रकार एकदम वेगळा. इथे बाकीचं मशीन जिवंत आहे, फक्त कार्डाचा मदरबोर्डशी संपर्क तुटलाय. असं दिसलं की बहुतेकदा कार्डाला जाणारी वीज क्षणभर तुटलेली असते, म्हणजे प्लग सैल, वायर खराब, स्लॉटमध्ये कार्ड तिरकं किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कमजोर. ड्रायव्हर बदलत बसण्याआधी कॅबिनेट उघडा.

निळी स्क्रीन न येता अख्खं मशीन झटक्यात रीस्टार्ट झालं तर संशय आधी एसएमपीएसवर. आणि मशीन बंद पडलं, पॉवर बटण दाबूनही चालू होईना, मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केल्यावरच उठलं, तर एसएमपीएसच्या आतल्या संरक्षक सर्किटने जाणूनबुजून वीज तोडली आहे असं समजा. त्याने आपलं काम चोख केलंय. त्याला तसं का करावं लागलं, ते शोधायचं.

रंगीत चौकोन, उभ्या-आडव्या रेघा, चमकणारे ठिपके दिसत असतील तर दोन चाचण्या लगेच करा. त्या क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील तर घाण कार्डाच्या मेमरीत किंवा चिपमध्ये तयार होतेय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाचं आउटपुट. दुसरी चाचणी म्हणजे मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा. तिथेही रेघा असतील तर विंडोजचा आणि ड्रायव्हरचा काही संबंध उरत नाही, फॉरमॅटचा तर नाहीच.

आणि सगळंच गोठलं, माउस हलत नाही, आवाज एकाच तुकड्यावर टर्रर्र करत अडकला, तर कार्डाइतकाच संशय रॅम आणि प्रोसेसरवरही घ्यायला हवा.

विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

विंडोज जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी नोंद करते. स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा, "विंडोज लॉग्ज", त्यात "सिस्टिम". मशीन गेलं ती वेळ आठवून तिथपर्यंत खाली जा. "डिस्प्ले" या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हर अडकून सावरला. एनव्हिडियाच्या ड्रायव्हर फाइलचं नाव तिथे एनव्हीएलडीडीएमकेएम असं दिसतं. ते नाव दिसलं म्हणून दोष ड्रायव्हरचाच, असं मात्र नाही. कार्डाने उत्तर दिलं नाही की ओरड ड्रायव्हरच करतो.

"कर्नल-पॉवर ४१" ही नोंद बघून पुष्कळ जण घाबरतात. तिचा अर्थ इतकाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. त्या नोंदीच्या "डिटेल्स" टॅबमध्ये "बगचेक कोड" बघा. तो ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद करायलाही विंडोजला सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन ठार गोठून तुम्हीच बटण दाबून बंद केलंत. "डब्ल्यूएचइए-लॉगर" नावाच्या नोंदी सापडल्या तर त्या हार्डवेअरकडे बोट दाखवतात. त्यातली १७ क्रमांकाची नोंद पीसीआय एक्सप्रेसबद्दल (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला जोडमार्ग) असेल आणि शेकड्यांनी येत असेल, तर स्लॉट, रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब लावायची जोडवायर) किंवा कार्डाची बैठक तपासा.

याहून सोपी खिडकी म्हणजे "रिलायबिलिटी मॉनिटर". स्टार्टमध्ये तेच नाव टाइप केलं की दिवसवार तक्ता उघडतो. लाल फुल्यांत "लाइव्ह कर्नल इव्हेंट" आणि त्याचा कोड १४१ किंवा ११७ दिसला तर ग्राफिक्सचं इंजिन अडकलं होतं. हा तक्ता तपासाला फार उपयोगी पडतो, कारण त्रास कधीपासून सुरू झाला ते त्यात तारखेनिशी दिसतं. त्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर अपडेट झाला होता का, नवी रॅम टाकली होती का, हे जुळवून बघा.

निळी स्क्रीन वाचण्याआधीच निघून जात असेल तर "सिस्टिम प्रॉपर्टीज", "अ‍ॅडव्हान्स्ड", "स्टार्टअप अँड रिकव्हरी" इथे जाऊन "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"वरची खूण काढा. मग स्क्रीन थांबून राहील आणि फोटो काढता येईल.

वीज: सगळ्यात जास्त गुन्हेगार इथे

आपल्याकडे अजूनही कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस तसाच ठेवून त्यावर नवं कार्ड बसवलं जातं. बाहेरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, बाजूच्या लेबलवरचा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत तेवढंच खरं, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच लाइनवर जगतात. "५०० वॅट" असं झळकणाऱ्या डब्यावर १२ व्होल्टला १८ अँपिअर असेल तर हिशेब होतो २१६ वॅट. आता खर्च बघा: आरटीएक्स ३०६० चे १७०, आय ५-१२४०० प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७, बोर्ड, पंखे, डिस्क मिळून ४०-५०. झाले सुमारे ३३५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण २८ अँपिअर. साधं ब्राउझिंग दिवसभर बिनघोर चालतं आणि गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला मशीन जातं, ते या हिशेबामुळे. या कार्डाला एनव्हिडिया स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तो चांगल्या प्रतीचा असेल हे त्यात गृहीत आहे.

सरासरी खर्च बसला म्हणजेही झालं नाही. कार्ड मिलिसेकंदाच्या आत आपल्या सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं. मोठ्या कार्डांच्या उसळ्या इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात, नव्या १६ पिनी प्लगच्या एसएमपीएसने रेटिंगच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अटच घालावी लागली. चार-पाच वर्षं तापत बसलेल्या स्वस्त एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) अशी उसळी भरून काढू शकत नाहीत. व्होल्टेज खाली बसतं आणि कार्ड काळं होतं.

मल्टिमीटर असेल तर एक ढोबळ चाचणी करता येते. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स (चार पिनी) प्लगमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची, काळी ग्राउंडची. मशीन चालू असताना प्रोब घालायचे आहेत, तेव्हा पिवळ्यावरचा प्रोब दुसऱ्या कशाला टेकू देऊ नका. गेम किंवा फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून मोजा. मानकाप्रमाणे १२ व्होल्टमध्ये ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. भाराखाली ११.४ च्या खाली गेलं तर एसएमपीएस बदला, चर्चा नको. पण ११.९ दिसलं म्हणून त्याला निर्दोषही सोडू नका, कारण क्षणभराची बुडी मल्टिमीटरला दिसत नाही. मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा १२ व्होल्टचा आकडा तर त्याहून कमी भरवशाचा.

आता वायरी. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनी प्लगमधून ७५, ८ पिनीमधून १५०. कार्डावर दोन ८ पिनी खोबण्या असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी ओढा. एकाच वायरीच्या टोकाला जोडून आलेले दोन प्लग लावले की सगळा करंट एकाच वायरीतून जातो. दोन मोलेक्स जोडून ८ पिनी बनवणारा अ‍ॅडॅप्टर कार्डाच्या खोक्यात आला असला तरी वापरू नका. आणि मॉड्यूलर (सुट्या वायरींच्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग एका क्षणात बोर्ड, डिस्क, कार्ड काहीही जळतं.

प्लग काढून उजेडात धरा. चांगल्या प्लगचं प्लास्टिक काळं कुळकुळीत आणि कडा धारदार असतात. तापलेल्या प्लगमध्ये एखाद्या पिनीभोवती प्लास्टिक किंचित फुगलेलं, तपकिरी आणि निस्तेज दिसतं, आतली धातूची नळी पिवळसर किंवा निळसर पडलेली असते, आणि नाकाजवळ नेलं तर जळक्या प्लास्टिकचा वास येतो. असा प्लग पुन्हा दाबून बसवायचा नाही, वायर बदलायची. नव्या मोठ्या कार्डांवरच्या १६ पिनी प्लगबद्दल तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळायला लागले तेव्हा एनव्हिडियाने प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण सांगितलं होतं. नंतर सुधारलेल्या प्रकारात जाणीव-पिना (प्लग बसलाय हे कार्डाला कळवणाऱ्या बारीक पिना) आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड वीजच घेणार नाही. प्लग आत ढकलल्यावर कार्डाची कड आणि प्लग यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून पहिले ३५ मिलिमीटर वायर सरळ जाऊ द्या, लगेच वाकवू नका.

एसएमपीएसवर संशय आहे पण नवा आणायच्या आधी खात्री हवी असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग आणि वीज बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला. एरवी दहा मिनिटांत जाणारं मशीन आता दोन तास टिकलं, तर मूळ वीज किंवा उष्णतेत आहे, विंडोजमध्ये नाही. दोघांत कोण ते पुढे कळेल.

आणि यूपीएस. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वर काढलेला ३३५ वॅटचा खर्च, त्यात एसएमपीएसचं स्वतःचं नुकसान आणि मॉनिटर धरला तर हिशेब फिसकटतो. लाइट गेली की गेम चालू असतानाच मशीन बंद पडतं आणि नुसतं डेस्कटॉपवर असताना पडत नाही, असं असेल तर कार्डाला बोल लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, साध्या मोडवर बदलायला जास्त वेळ लागतो.

उष्णता

आधी मोजा, मग उघडा. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, लॉग फाइल सुरू करा, नोंद दर सेकंदाला ठेवा आणि नेहमीचा गेम खेळा. मशीन गेलं की परत चालू करून लॉगच्या शेवटच्या दहा ओळी वाचा. तापमान वर चढत चढत गेलं आणि मग मशीन बंद पडलं का? की ६८ अंशांवर शांत असताना अचानक सगळं तुटलं? पहिलं असेल तर उष्णता, दुसरं असेल तर पुन्हा विजेकडे वळा.

३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश. त्याच्या खूप आधी, साधारण ८३ च्या आसपास, कार्ड आपला वेग कमी करायला लागतं. म्हणजे निव्वळ चिप तापून मशीन बंद पडणं हे वाटतं तितकं सरसकट होत नाही. आधी फ्रेम पडतात. म्हणून "जीपीयू टेंपरेचर" (ग्राफिक्स चिपचं तापमान) या एका आकड्यावर थांबू नका, त्याखालचा "हॉट स्पॉट" (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) बघा. दोघांत १०-१५ अंशांचा फरक नेहमीचाच. तो ३० च्या पुढे गेला असेल तर चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट वाळलीय किंवा कडेला सरकलीय. ३०८०, ३०९० सारख्या जीडीडीआर ६ एक्स मेमरीच्या कार्डांवर "मेमरी जंक्शन" हा तिसरा आकडाही दिसतो. तो ११० ला पोचला की कार्ड मेमरी सावरायला वेग तोडतं. ३०६० वर हा आकडा दिसत नाही, तिथे मेमरीचा अंदाज हॉट स्पॉट आणि पॅडच्या (मेमरी आणि हीटसिंकमधली मऊ पट्टी) अवस्थेवरूनच बांधावा लागतो.

खोलीचं तापमान हिशेबात धराच. हीटसिंक खोलीपेक्षा किती अंश वर राहायचं ते ठरवतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ६८ वर चालणारं कार्ड मे महिन्यात विदर्भातल्या ४२ अंशांच्या खोलीत, त्याच भाराला आणि पंख्याच्या त्याच वेगाला, ८५ च्या आसपास जाणार. कार्डात काहीही बिघडलेलं नाही. कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा करा. ८-१० अंश उतरले तर हवा आतच कोंडतेय: पुढचे पंखे बंद, जाळी धुळीने बुजलेली, किंवा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं. त्या कप्प्यातून बाहेर काढणं हा कोणत्याही कूलरपेक्षा स्वस्त उपाय आहे.

धूळ काढताना ब्लोअर मारण्याआधी कार्डाच्या पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंगला इजा होते आणि मोटर उलट वीज तयार करते. पंखा हाताने फिरवून बघा: मोकळा फिरून हळूहळू थांबायला हवा. करकर करत लगेच थांबला तर पंखा बदला. समुद्राकाठच्या गावांत, मुंबईपासून गोव्यापर्यंत, दमट हवेत स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीवर मळकट थर बसतो. पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

पेस्ट बदलायची असेल तर वॉरंटी संपली आहे याची खात्री करा. हीटसिंक सुटत नसेल तर पाच मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करा, मशीन बंद करून वायर काढा आणि हळू पीळ देत सोडवा, सरळ वर ओढू नका. पंख्याची बारीक वायर बोर्डाला लागलेली असते, ती आधी काढा. यातली सगळ्यात सर्रास चूक थर्मल पॅडची. मूळ पॅड १ मिलिमीटरचा असताना "जास्त जाड म्हणजे जास्त चांगला" म्हणून १.५ चा घातला, तर मेमरीवर हीटसिंक टेकतो आणि मुख्य चिपवर अधांतरी राहतो. पेस्ट कितीही महाग असली तरी मग तापमान आधीपेक्षा वाढतं. जुना पॅड दाबला न गेलेल्या कडेला मोजा आणि तेवढ्याच जाडीचा आणा. चिपभोवतीचे चार स्क्रू एकदम आवळू नका, तिरके समोरासमोरचे थोडे थोडे फिरवत न्या.

ड्रायव्हर

त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर एवढ्यावरच सुटका होऊ शकते. आधी हवा तो ड्रायव्हर आणि डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, उतरवून ठेवा. मग इंटरनेटची वायर काढा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. विंडोज ११ वर ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, सेफ मोडला जाताना ती मागितली जाऊ शकते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, "ट्रबलशूट", "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स", "स्टार्टअप सेटिंग्ज", रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. डीडीयूमध्ये जीपीयू आणि कंपनी निवडून "क्लीन अँड रीस्टार्ट". परत आल्यावर ड्रायव्हर टाका आणि मगच इंटरनेट जोडा.

सगळ्यात नवा तोच चांगला, असं नाही. त्रास सुरू व्हायच्या आधी जो चालत होता तो टाका. एडिटिंगच्या मशीनवर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर ठेवा, त्याच्या आवृत्त्या कमी येतात आणि कामाच्या सॉफ्टवेअरवर तपासलेल्या असतात. रजिस्ट्रीत "टीडीआर डिले" वाढवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. लांबलचक जीपीयू रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तो योग्य आहे, तिथे एकेक काम खरोखरच २ सेकंदांहून जास्त घेतं. गेमसाठी मात्र त्याने काही सुधारत नाही. २ सेकंदांऐवजी १० सेकंद स्क्रीन गोठून राहते आणि मग तेच होतं.

कार्ड निर्दोष असतं तेव्हा

याचं सगळ्यात ठळक उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांचं आहे. अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" अशी पाटी यायची. १२ आणि २४ जीबीची कार्डं असलेल्यांनाही. साहजिकच लोकांनी कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता: गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) उलगडायचं आणि जुळवायचं जड काम प्रोसेसर करतो, ते त्याच्याकडून चुकत होतं आणि पाटी मात्र ग्राफिक्सची लागत होती. इंटेलने २०२४ मध्ये जास्त व्होल्टेजमुळे होणारी झीज मान्य केली, बायोसमधून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करा. ज्याची झीज आधीच झालीय तो अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

रॅमचंही तसंच. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सोय) बंद करून दोन दिवस वापरा, आणि रात्रभर मेमटेस्ट ८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चार फेरे लावा. एकही चूक आली तरी रॅम दोषी. "एखादी चालते" असं यात नसतं.

कार्डाची बैठक जीपीयू-झेडमध्ये "बस इंटरफेस"वर दिसते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून छोटी चाचणी सुरू करा, कारण रिकामं असताना कार्ड मुद्दाम वेग खाली ठेवतं. ३०६० वर १६ लेन (डेटाच्या वाटा) दिसायला हव्यात. ८ किंवा ४ दिसल्या तर कार्ड काढून पुन्हा बसवा, स्क्रू घट्ट करा, जड कार्ड लोंबत असेल तर खालून आधार द्या. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० मुळातच ८ लेनची आहेत, तिथे घाबरू नका. कार्ड उभं लावायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये बसवून बघा, किंवा बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर (पीसीआय एक्सप्रेसची जुनी, हळू पिढी) आणा. जेन ३ च्या जुन्या रायझरवर जेन ४ चं कार्ड चालवणं हे काळ्या स्क्रीनचं जुनं कारण आहे.

प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असतील, म्हणजे इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ नसेल, तर कार्ड पूर्ण काढा, मॉनिटर मदरबोर्डला लावा आणि दोन दिवस तसंच काम करा. तरीही मशीन गोठत असेल तर कार्ड निर्दोष. गोठणं थांबलं तर कार्ड किंवा त्याची वीज. मग तेच कार्ड चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या मशीनवर लावा. या अदलाबदलीइतका पक्का पुरावा दुसरा नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाची तारीख वहीत लिहा. ड्रायव्हर, पेस्ट आणि एसएमपीएस एकाच रविवारी बदलले तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

कार्डच दोषी असेल तर

ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी लावा. योग्य उत्तर एकच, शून्य चुका. चुका आल्या तर आफ्टरबर्नरमध्ये मेमरीचा वेग ५०० मेगाहर्ट्झने कमी करून पुन्हा लावा. मेमरी शुद्ध आली पण गेम पडतोय, तर कोअर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने उतरवा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या "हेल्प" मेनूत "डिबग मोड" आहे, तो लावला की कंपनीने कारखान्यातून वाढवून दिलेला क्लॉक एनव्हिडियाच्या मूळ वेगावर येतो. त्यावर कार्ड व्यवस्थित चाललं तर कार्डाला स्वतःचाच जाहिरात केलेला वेग झेपत नाहीये, आणि वॉरंटीत असेल तर तो सरळ दावा आहे. वॉरंटी संपली असेल तर उतरवलेल्या वेगावर आणखी दोन वर्षं काढायला काहीच हरकत नाही, फरक दोन-चार फ्रेमचा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजायचं किंवा हीट गनने चिप तापवून द्यायची, हा उद्योग बंद व्हायला हवा. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्या तापमानाला कपॅसिटर आणि प्लास्टिकच्या खोबण्या बिघडतात, आणि चिपच्या आतला सुटलेला सांधा काही आठवड्यांपुरता चिकटतो, कायमचा नाही. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर मुळीच नको, तो धूर विषारी असतो. मेमरीची एखादी चिप बदलणं ही मात्र खरी दुरुस्ती आहे. नेमकी कोणती चिप खराब आहे ते जो कारागीर चाचणीने दाखवू शकतो, त्याच्याकडेच कार्ड द्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबल्यावर मायनिंगची कार्डं जुन्या बाजारात मोठ्या प्रमाणात आली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन गटांपर्यंत. त्यातली सगळी वाईट नाहीत, पण वर्षानुवर्षं मेमरी तापवून वापरलेल्या कार्डाचे पॅड तेल सोडून कडक झालेले असतात. घेण्याआधी जीपीयू-झेडमध्ये नाव बघा. कार्डावरचा बायोस (त्याच्या आतला प्रोग्राम) बदलून जुनं कार्ड नव्याच्या नावाने खपवलं असेल तर ते बऱ्याचदा नावापुढे "फेक" असं दाखवतं. ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी समोर अर्धा तास चालवून घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर कार्ड तिथेच ठेवून या.

वॉरंटीत पाठवताना सेवा केंद्रात काय होतं ते लक्षात घ्या. तिथे कार्ड एसी खोलीत उघड्या टेबलावर दहा मिनिटं चालवलं जातं आणि "नो प्रॉब्लेम फाउंड" असा शेरा मारून परत येतं. म्हणून स्क्रूवरचं स्टिकर शाबूत ठेवा, अनुक्रमांकाचा आणि बिलाचा फोटो काढा, स्क्रीनवरच्या रेघांचा व्हिडिओ घ्या. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मूळ खोक्यात भरा आणि वर एक चिठ्ठी ठेवा: कोणता ड्रायव्हर, कोणता गेम, किती मिनिटांनी पडतो, त्या वेळी हॉट स्पॉट किती होता, ओसीसीटीत कितव्या मिनिटाला किती चुका आल्या, आणि दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या एसएमपीएसने चालवूनही तेच झालं.